बरणी, आरसा, खिडकी: काचेवरचा स्टिकरचा चिकटा कसा काढायचा

मधाची बाटली संपली की ती फेकून देणं आमच्या घरात कुणाला जमत नाही. जाड काच, घट्ट झाकण, हातात नीट बसणारा आकार. पुढची दहा वर्षं तिच्यात मेतकूट नाहीतर जिरं राहायचं असतं. मग ती धुऊन ओट्यावर येते, कुणीतरी टीव्ही बघता बघता नखाने लेबल सोलायला घेतं, वरचा चकचकीत थर फाटून निघतो आणि खालचा पांढरट कागद नि त्याखालचा चिकटा तसाच राहतो. त्याला पीठ चिकटतं, धूळ चिकटते, फोडणीची उडालेली मोहरी चिकटते. महिनाभरात बाटलीच्या पोटावर काळपट पट्टा तयार.

अशा वेळी बहुतेक जण घासणी घेऊन भिडतात. मीही भिडलो आहे. नव्या घरात सरकत्या खिडकीच्या काचेवर लावून ठेवलेला वीतभर स्टिकर मी कोरड्या ब्लेडने आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने अर्ध्या तासात उडवला होता. स्टिकर गेला. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला ऊन तिरकं आलं की त्या जागी केसाएवढ्या बारीक रेघांचं जाळं अजून दिसतं. त्यानंतर एवढं मात्र शिकलो की चिकटा घासायचा नसतो, भिजवायचा असतो. कशात भिजवायचा, हे तो कोणत्या जातीचा आहे यावर ठरतं. आणि भिजवल्यावर त्याला वेळ द्यायचा असतो, जो आपण सहसा देत नाही.

आधी जात ओळखा

घरातल्या काचेवर सापडणारा चिकटा ढोबळमानाने तीन प्रकारचा असतो.

पहिला पाण्याला दाद देणारा. काही काचेच्या बाटल्यांवरची साधी कागदी लेबलं खळीसारख्या गोंदाने लावलेली असतात, त्यात स्टार्च किंवा दुधातलं केसीन असतं. मुलांनी शाळेच्या प्रकल्पासाठी काचेला लावलेला फेव्हिकॉल याच गटात धरा. तो वाळल्यावर पाण्यात पुरता विरघळत नाही, पण गरम पाण्यात पांढरा पडतो, मऊ होतो आणि काचेवरून सालीसारखा सुटून येतो.

दुसरा रबरी. रंगकामाची मास्किंग टेप, स्वस्तातली चिकटपट्टी, बऱ्याचशा खाकी पट्ट्या. याची खूण म्हणजे तो वयाबरोबर पिवळा पडतो. ताजा असताना बोटाला लागून तार ओढतो, उन्हात वर्षभर राहिला की कडक होऊन त्याचे तुकडे पडायला लागतात. हा तेलाला आणि रॉकेलला घाबरतो.

तिसरा अ‍ॅक्रिलिक. प्लास्टिकची पारदर्शक लेबलं, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप, गाडीच्या काचेवरचा फास्टॅग. हा बहुधा पारदर्शकच राहतो, सहसा पिवळा पडत नाही, आणि तेलाने मऊ व्हायला फार वेळ घेतो. याला स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन लागतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचं एक वैशिष्ट्य समजून घेतलं तर पुढची निम्मी मेहनत वाचते. हा चिकटा कधी 'वाळत' नाही. स्टॅन्टन एव्हरी या अमेरिकन माणसाने १९३५ साली कागद सोलून दाबून लावायची लेबलं बाजारात आणली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: हा गोंद म्हणजे अतिशय घट्ट, जेमतेम वाहणारा द्रव. लावल्या दिवशी तो काचेला ठिकठिकाणीच टेकलेला असतो. मग दिवसेंदिवस हळूहळू पसरत प्रत्येक सूक्ष्म खाचेत बसतो. म्हणून आज लावलेला स्टिकर आजच काढला तर सबंध निघतो, आणि दिवाळीपर्यंत ठेवला तर फाटतो.

जात ओळखायला दहा मिनिटं पुरतात. चिकट्याच्या एका कोपऱ्यावर ओल्या कापडाची घडी ठेवा, दुसऱ्यावर तेलाचा थेंब, तिसऱ्यावर सॅनिटायझरचा थेंब. सॅनिटायझर मधे एकदा वाळला तर पुन्हा लावा. दहा मिनिटांनी तिन्ही ठिकाणी बोट फिरवा. जिथे चिकटा मळासारखा वळ्या होऊन सुटतो, ते तुमचं औषध. ही चाचणी न करता लोक युट्यूबवर पाहिलेलं मिश्रण घेऊन तासभर घासत बसतात, आणि मग म्हणतात उपाय खोटा होता. उपाय खरा असतो, दुसऱ्या जातीसाठी असतो.

घरात काय काय आहे

खोबरेल तेल सगळ्यात आधी, कारण ते बहुतेक घरांत असतं, हाताला त्रास देत नाही आणि खाण्याच्या बरणीला चालतं. शेंगदाणा, सूर्यफूल, कुठलंही चालेल. खोबरेलची खास सोय हिवाळ्यात कळते. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरात पुण्या-नाशिकला बाटलीतून बाहेर येत नाही म्हणून आपण वैतागतो, पण उभ्या काचेवर लावायला तेच थिजलेलं तेल उत्तम. ओघळत नाही, लावलं तिथे बसून राहतं. तळणीचं उरलेलं तेल मात्र वापरू नका. ते स्वतःच चिकट झालेलं असतं, एक चिकटा काढून दुसरा लावाल.

खाण्याचा सोडा तेलात मिसळायला. तो चिकट्याला विरघळवत नाही, फक्त हळुवार घासतो. त्याचे कण काचेपेक्षा खूप मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. बारीक मीठ किंवा रांगोळी वापरायचा मोह टाळा. रांगोळीत गारगोटीची पूड असू शकते आणि गारगोटी काचेहून कठीण.

सॅनिटायझर. २०२० मध्ये घेतलेल्या बाटल्या अजून कित्येक घरांत कपाटाच्या तळाशी आहेत. त्यात साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असतं. झाकण नीट लागलेलं नसेल तर ते उडून गेलेलं असतं, म्हणून आधी वास घ्या. जेलवाला सॅनिटायझर उभ्या काचेला जास्त बरा, कारण लवकर वाळत नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिटही तेच काम करतं.

नेलपॉलिश रिमूव्हर हे घरातलं सगळ्यात जोरकस हत्यार. त्यात अ‍ॅसिटोन असतं. 'अ‍ॅसिटोन नाही' असं लिहिलेल्या बाटलीत बहुधा एथिल अ‍ॅसिटेट असतं, तेही चालतं, थोडं सावकाश. काचेला दोन्हींचा काही त्रास नाही. पण काचेच्या शेजारी जे असतं त्याला असतो: प्लास्टिकची चौकट, पॉलिश केलेलं लाकूड, रंग, अ‍ॅक्रिलिकचं शोकेस. गणपतीच्या सजावटीसाठी घेतलेली 'काच' बऱ्याचदा अ‍ॅक्रिलिकची असते. टिचकी मारून बघा. काच खणखणते, अ‍ॅक्रिलिक बद्द वाजतं. अ‍ॅक्रिलिकवर रिमूव्हरचा एक थेंब पडला की कायमचा पांढरट डाग.

नीलगिरीचं तेल सर्दीसाठी आणून ठेवलेलं असतं, त्याचा हा उपयोग फार कमी जणांना ठाऊक आहे. रबरी चिकट्यावर ते खोबरेलपेक्षा कितीतरी लवकर चालतं, आणि मागे तेलकट थर कमी राहतो. महाग असल्यामुळे चार थेंबांच्या कामालाच वापरावं.

लिंबू आणि व्हिनेगरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. प्रत्येक ठिकाणी हे दोन उपाय पहिल्या क्रमांकावर दिसतात. व्हिनेगर म्हणजे चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, बाकी पाणी. खळीच्या लेबलावर त्याचा थोडा उपयोग होतो, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तर ते छान काढतं. रबरी किंवा अ‍ॅक्रिलिक चिकट्यावर त्याने फारसं काही होत नाही. लिंबाचंही तेच. लिंबात चिकटा काढणारी गोष्ट असेल तर ती रसात नाही, सालीत आहे. साल वाकवली की जे बारीक तुषार उडतात ते तेल, त्यात लिमोनीन असतं, आणि बाजारातल्या कित्येक स्टिकर-रिमूव्हरमध्ये तेच घातलेलं असतं. नागपूरची संत्री खाल्ल्यावर साल काचेवर बाहेरच्या बाजूने चोळून बघा. लहान डागापुरतं काम होतं आणि स्वयंपाकघराला वास छान येतो. मोठ्या लेबलासाठी मात्र टोपलीभर संत्री खावी लागतील.

रॉकेल पूर्वी प्रत्येक घरात असायचं. आजी रेशनच्या निळ्या रॉकेलने लोखंडी सामान, खिडक्यांचे गज, काय काय पुसायची. रबरी चिकट्यावर ते खरोखर जालीम आहे. आता ते मिळणंच दुर्मीळ, आणि मिळालं तरी खाण्याच्या बरणीला लावू नका. वास आठवडाभर जात नाही. खिडकीसाठी वापरायचंच तर गॅस बंद, देवघरातला दिवा विझवलेला, दारं-खिडक्या उघड्या.

हत्यारं साधीच: मुदत संपलेलं एटीएम कार्ड, जुन्या बनियनचे तुकडे, कापूस, कानकाडी, पोळ्या गुंडाळायला आणलेली पातळ प्लास्टिकची फिल्म. ब्लेडचं पुढे सांगतो.

बरणीचं काम, पायरीपायरीने

१. बरणी आतून गरम पाण्याने भरा. हात जेमतेम सोसेल इतकंच गरम. उकळतं नको, आणि फ्रिजमधून काढलेल्या बरणीत तर मुळीच नको, काच तडकते. झाकण लावून पाच मिनिटं ठेवा. उष्णता काचेतून मागच्या बाजूने चिकट्याला पोचते आणि तो सैल होतो. आता कोपऱ्यातून लेबल उचला आणि अगदी सावकाश, काचेला जवळजवळ लागून, मागे दुमडत ओढा. झटका दिला की कागद फाटतो. सावकाश ओढलं तर पुष्कळदा चिकट्यासकट पूर्ण लेबल हातात येतं आणि पुढच्या पायऱ्या लागतच नाहीत.

२. नाही आलं, तर कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा. पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, किंवा लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा. सोडा वापरला तर हातमोजे घाला आणि अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, ते काळं पडेल. कागदी लेबल भिजून सुटतं, कित्येकदा आपोआप तरंगून वर येतं. प्लास्टिकच्या लेबलातून पाणी आत शिरत नाही, म्हणून त्यावर आधी सुरीच्या टोकाने चार-सहा चिरा पाडा. चिरा लेबलाला, काचेला नव्हे.

३. बरणी काढून कोरडी करा. पूर्ण कोरडी. ही पायरी सगळे गाळतात. चिकट्यावर पाण्याचा पातळ थर असेल तर तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर तरंगतं.

४. एक चमचा खोबरेल, एक चमचा खाण्याचा सोडा, उटण्याइतकं घट्ट कालवा. चिकट्यावर जाडसर थापा. कागदाचे जे तंतू उरलेत ते तेल पिऊन पारदर्शक होतात, तिथून तेल खाली झिरपतं. अर्धा तास विसरून जा. दोन-तीन वर्षांचं जुनं लेबल असेल तर वरून प्लास्टिकची फिल्म गुंडाळून रात्रभर.

५. आता बोटाने गोल गोल चोळा. अभ्यंगस्नानाला उटणं चोळल्यावर जशा मळाच्या वळ्या निघतात, हुबेहूब तशा निघायला लागतील. जिथे निघत नाहीत तिथे कार्डाची कड काचेला तिरकी धरून कडेकडून मध्याकडे सारत या. तरीही एखादी जागा हट्ट करत असेल तर जोर लावू नका, तिथे पुन्हा तेल लावून दहा मिनिटं थांबा.

६. धुताना पाणी आधी घालू नका. तेलकट बरणीवर थेट भांड्यांचं लिक्विड घ्या, कोरड्यानेच सगळीकडे चोळा, आणि मग गरम पाणी सोडा. आधी पाणी घातलं की तेल आणि उरलासुरला चिकटा मिळून एक पातळ पापुद्रा सगळ्या बरणीवर पसरतो आणि ती दोन दिवस हातातून निसटत राहते.

७. शेवटी कापसावर स्पिरिट किंवा सॅनिटायझर घेऊन एकदा पुसा.

अ‍ॅक्रिलिक चिकटा असेल तर चौथ्या पायरीत तेलाऐवजी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दाबून ठेवा आणि वरून फिल्म गुंडाळा, नाहीतर स्पिरिट दोन मिनिटांत उडून जाईल. दहा मिनिटांनी कार्डाने सारा. दोन-तीन फेऱ्या लागतात.

लोणच्यासाठी बरणी वापरणार असाल तर आतून तेल लागलेलं नाही ना बघा, धुऊन कडक उन्हात उघडी वाळवा आणि एक दिवस झाकण लावून ठेवून मग नाक आत घालून वास घ्या. रिमूव्हरचा किंवा नीलगिरीचा जरासा वास असेल तरी कैरीच्या लोणच्याला तो लागल्याशिवाय राहणार नाही. तिच्यात खिळे-स्क्रू ठेवा.

निघालं का, ते बघायची युक्ती

डोळ्यांना स्वच्छ दिसतं पण लेबलाच्या आकाराची सावली राहिल्यासारखी वाटते, हा अनुभव सगळ्यांचा. चष्मा पुसताना करतो तसा 'हा' करून काचेवर श्वास सोडा. स्वच्छ काचेवर वाफ एकसारखी धरते आणि एकसारखीच उडते. जिथे तेल किंवा चिकटा आहे तिथे ती वेगळी बसते आणि जुन्या लेबलाचा चौकोन, कधी कधी त्यावरच्या अक्षरांसकट, समोर उमटतो. तो दिसला तर स्पिरिटचा आणखी एक हात. दोनदा स्पिरिट फिरवूनही सावली तशीच असेल आणि वाफेत दिसत नसेल, तर तो चिकटा नाही. वर्षानुवर्षं उन्हा-पावसात राहिलेल्या काचेचा उघडा भाग किंचित झिजून धुरकट झालेला असतो, आणि स्टिकरखालचा भाग नव्यासारखा राहिलेला असतो. तो फरक घालवता येत नाही.

आरशावरच्या टिकल्या

आमच्या गोदरेजच्या कपाटाचा आरसा हा माझ्या आईचा टिकल्यांचा डबा आहे. रात्री झोपताना कपाळावरची टिकली काढायची, आरशाला लावायची, सकाळी विसरून नवीन लावायची. एकदा मोजल्या तर उजव्या कडेला तेवीस निघाल्या: मरून, काळ्या, खड्यांच्या, आणि काहींची नुसती गोल चिकट वर्तुळं, ज्यांच्या टिकल्या कधीच गळून पडल्या होत्या. वर्तुळांवर टाल्कम पावडर बसून ती पांढरी झाली होती.

आरशाचं काम बरणीपेक्षा सोपं आहे, पण एक मोठी काळजी आहे. आरशाची चांदी मागच्या बाजूला असते आणि कडांशी ती उघडी पडलेली असते. द्रव ओघळून कडेतून मागे शिरला की तिथे काळे डाग पडत जातात आणि ते पसरतात. म्हणून आरशावर कधीही काही फवारायचं नाही, ओतायचं नाही. जे लावायचं ते कानकाडीने किंवा पिळलेल्या कापसाने, आणि खाली आरशाच्या कडेला कोरड्या फडक्याची गुंडाळी धरायची.

मखमली टिकली तेल लगेच पिते. कानकाडीने एक थेंब लावला की रंग गडद होतो, पाच-सात मिनिटांत नखाच्या हलक्या धक्क्याने सरकते. प्लास्टिकच्या किंवा खड्यांच्या टिकल्या तेल आत घेत नाहीत. त्यांना हेअर ड्रायरची गरम हवा वीतभर अंतरावरून वीस-तीस सेकंद द्या आणि कार्डाच्या कोपऱ्याने उचला. एका जागी ड्रायर धरून ठेवू नका, हलवत राहा. नुसती वर्तुळं उरली असतील तर आधी चिकटपट्टीचा नवा तुकडा त्यांवर दाबून झटकन उचलून बघा. चिकटा अजून मऊ असेल तर तो पट्टीबरोबर येतो, द्रव लागतच नाही. तेवीसपैकी नऊ माझ्या अशाच निघाल्या. उरलेल्यांना नीलगिरी, कानकाडीने, एकेकाला एकेक थेंब.

आई बघत होती. काम संपल्यावर तिने कपाळावरची टिकली काढून पहिल्याच जागी लावली.

खिडक्या

खिडकीची अडचण म्हणजे काच उभी असते, काहीही लावलं तरी ओघळतं. टिश्यू पेपर किंवा बनियनचा तुकडा तेलात नाहीतर स्पिरिटमध्ये भिजवून चिकट्यावर थापायचा, वर प्लास्टिकची फिल्म दाबून बसवायची. ती काचेला आपोआप धरते. अर्ध्या तासाने काढा. ब्लेडशिवाय बहुतेक स्टिकर असे सुटतात.

वेळही निवडून घ्या. स्टिकर सोलायचा असेल तर काचेवर ऊन असताना, कारण चिकटा मऊ असतो. द्रव लावायचा असेल तर ऊन गेल्यावर, कारण तापलेल्या काचेवर स्पिरिट लावताक्षणी उडतं. सोलणं उन्हात, भिजवणं सावलीत.

रंगाऱ्यांनी विसरलेली मास्किंग टेप हा सगळ्यात चिवट प्रकार. दोन उन्हाळे पाहिलेली टेप कागद आणि रबर मिळून चामड्यासारखी होते. थिजलेलं खोबरेल जाड थापा, फिल्म लावा, रात्रभर ठेवा, सकाळी कार्ड. दोन रात्री लागल्या तरी चालतील. घाई केलीत तर ब्लेडवर याल.

आणि ब्लेडवर यायचंच असेल, तर असं. आधी काचेच्या कोपऱ्यात बारीक कोरलेला शिक्का आहे का बघा. टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेवर तो बहुधा असतो. तशा काचेवर ब्लेड नको. भट्टीत तापवताना काचेचे सूक्ष्म कण तिच्या पृष्ठभागावर वितळून बसलेले असू शकतात. ब्लेड ते उखडतं, पुढे ओढत नेतं आणि मागे रेघ राहते. काचेला सन फिल्म लावलेली असेल तरी ब्लेड नको. साध्या काचेवर: जागा आधी धुऊन धूळ काढून टाका, कारण ओरखडा ब्लेडपेक्षा त्याच्याखाली सापडलेल्या वाळूच्या कणाने पडतो. मग साबणाच्या पाण्याने काच निथळेपर्यंत ओली करा. नवं ब्लेड, पकडीच्या स्क्रेपरमध्ये बसवलेलं, काचेशी ३० अंशांच्या आसपास. फक्त पुढे ढकला. मागे आणताना उचला, ओढत आणू नका. काच वाळायला लागली की थांबून पुन्हा ओली करा. मी माझ्या खिडकीवर यातली एकही गोष्ट केली नव्हती.

गाडीची काच

फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला, आणि आता जुने टॅग बदलणं, गाडी विकताना काढणं हे नेहमीचं झालंय. टॅग मुद्दामच असा बनवलेला असतो की काढताना फाटावा, म्हणजे दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये. त्यामुळे तो सबंध काढायची स्वप्नं बघू नका. आधी ज्यांच्याकडून घेतला त्यांच्याकडे तो रीतसर बंद करा. मग गाडी तासभर उन्हात ठेवून, किंवा ड्रायरने गरम करून, कार्डाने कोपरा उचला. उरलेला अ‍ॅक्रिलिक चिकटा स्पिरिटच्या कापसाने काढा. डॅशबोर्डवर जुना टॉवेल पसरा. खाली ठिबकलेलं स्पिरिट एक वेळ पुसता येतं, नेलपॉलिश रिमूव्हर डॅशबोर्डचं प्लास्टिक खातं, म्हणून गाडीच्या आत तो नेऊच नका.

काळ्या फिल्मचा चिकटा हे वेगळं प्रकरण आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चौकाचौकांत पोलीस फिल्म सोलायला लावत होते, तेव्हा फिल्म मिनिटात निघायची आणि चिकट काच घेऊन लोक आठवडाभर फिरायचे. दारांच्या काचांवर साबणाचं पाणी, वर पोळ्यांची पातळ प्लास्टिकची फिल्म, पंधरा मिनिटं, मग प्लास्टिकचं कार्ड आणि स्पिरिट. मागच्या काचेवर आतून ज्या बारीक आडव्या रेघा असतात त्या दव घालवणाऱ्या तारा. तिथे ब्लेड लागलं तर तार तुटते, म्हणून फक्त मऊ कापड आणि रेघांच्या दिशेनेच हात.

काही वेगळे हट्टी

फेव्हिक्विकचा थेंब काचेवर वाळला असेल तर अ‍ॅसिटोनचा कापूस दहा मिनिटं ठेवा, मग कार्डाने उडवा. ओला असताना कापसाने टिपू नका. कापसाशी त्याची क्रिया होऊन चटका बसण्याइतकी उष्णता आणि धूर निघू शकतो. एम-सील आणि सिलिकॉनवर वरचं काहीही चालत नाही. ते ओल्या ब्लेडनेच, वर सांगितलेल्या पद्धतीने.

संडासचं अ‍ॅसिड, हार्डवेअरच्या दुकानातला थिनर, गाडीतून काढलेलं पेट्रोल, यांची या कामात गरज पडत नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, अ‍ॅसिड किंवा स्पिरिट कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. स्पिरिटचे आणि रॉकेलचे बोळे गॅसजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. गॅलरीत उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मग टाका.

माझ्या खिडकीवरच्या रेघांचं म्हणाल, तर टूथपेस्ट चोळून झाली, सोडा चोळून झाला, काही फरक नाही. नखाला लागणारी रेघ अशा गोष्टींनी जात नाही. काचकाम करणारे सेरियम ऑक्साइडची पूड आणि यंत्र घेऊन काच घासून देतात, पण मग तेवढ्या भागात खळगा होतो आणि समोरची इमारत वाकडी दिसते. मी तिथे पडदा लावलाय.